पायाखालची पायरी

पाण्यांत माणूस हलका होतो, हें आर्किमिडीजनें सांगून दोन सहस्रांहून अधिक वर्षें लोटलीं. पाण्याबाहेर निघतांना तो पुन्हां जड होतो, हें मात्र गुलमंडीसारख्या समुद्रापासून दूरच्या पेठेंत वाढलेल्या आम्हां मंडळींस मालवणजवळ तारकर्लीस कळलें. आमचे स्थूलदेही काका तेथें जेट-स्कीवरून खोल पाण्यांत पडले. अंगांत तरंगतें जाकीट असल्यानें जिवास भय नव्हतें. परंतु दोनदां घसरल्यावर ते म्हणाले, "राहूं द्या; मला असाच किनाऱ्यास ओढून न्या." त्या स्वरांत थकव्याहून संकोचच अधिक होता.

चालक हंसला नाहीं. कडेनें चढल्यास वाहन कलंडतें, म्हणून यंत्र बंद ठेवून त्यानें काकांस मागच्या बाजूस घेतलें, दोरीचा आंखूड फांसा पाण्यांत सोडला आणि स्वतः पुढें वांकून तोल धरला. "काका, आधीं पाण्यावर आडवे व्हा, पाय मारा, मग फांशांत पाऊल रोवून वर या." काका वर आले. तळाशीं पाणी ओढणाऱ्या यंत्रांत दोरी अडकूं नये, म्हणून ती आंत घेतल्यावरच त्यानें यंत्र सुरू केलें.

वरून हात ओढणारे पुष्कळ मिळतात. भारी माणसास हवी असते पायाखालीं एक पायरी. ती लाभली कीं तो स्वतःच्या बळावर चढतो, आणि त्याचा मानहि राहतो.