ग्लिम्ट म्हणजे लकाकी

कलाशाखेच्या विद्यार्थिनीने वार्षिकात काय लिहावे याचे काही अलिखित संकेत आहेत. पाऊस, आई, कॉलेजचा पहिला दिवस, नाहीतर श्रावणातली एखादी सहल. मी मात्र लिहिणार आहे नॉर्वे देशातल्या एका फुटबॉल संघाविषयी! मला स्वतःला चेंडूला धड लाथ मारता येत नाही. ऑफसाइड म्हणजे काय, हे धाकट्या भावाने तीनदा समजावून सांगितले तेव्हा कुठे डोक्यात शिरले. तरीही या संघाने गेले वर्षभर माझ्या मनात घर केले आहे. ते का केले, हे स्वतःशीच नीट उलगडून पाहावे म्हणून हा लेखनप्रपंच.

संघाचे नाव बोडो-ग्लिम्ट. आसामातल्या बोडो लोकांशी त्याचा काही संबंध नाही. बोडो हे नॉर्वेच्या उत्तर भागातले, समुद्रकाठचे, मासेमारीवर वाढलेले एक बंदर. आपण शाळेत आर्क्टिक वृत्त शिकलो, त्या वृत्ताच्याही वर ते वसलेले आहे. उन्हाळ्यात काही आठवडे तिथे सूर्य मावळतच नाही, आणि ऐन हिवाळ्यात दिवस उजाडतो न उजाडतो तोच अंधारतो. वस्ती ५० हजारांच्या आसपास. त्यांच्या आस्पमिरा मैदानात आठ हजारांच्या आसपास माणसे बसतात, आणि मैदानावरचे गवत कृत्रिम असते, कारण असल्या हवेत खरे गवत तग धरत नाही. दुसऱ्या महायुद्धात, २७ मे १९४० या दिवशी, जर्मन विमानांनी बाँब टाकून या गावाचा मोठा भाग बेचिराख केला होता. त्यातून ते पुन्हा उभे राहिले.

आमच्या कोल्हापूरला फुटबॉलचे वेड नवे नाही. पेठापेठांतल्या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर भिडतात तेव्हा निम्मे शहर तिकडे लोटते. माझा भाऊ सुट्टीत गावाहून मामाकडे येतो तो याच ओढीने. त्यानेच एकदा मोबाइलवर पिवळ्या कपड्यांतला हा संघ दाखवून म्हटले, “ताई, हे बघ. गाव एवढंसं, पण रोमला सहा गोल घातलेत!” मी पाहिले. गोलांचे मला विशेष वाटले नाही; पण प्रेक्षकांत कुणीतरी माणसाच्या उंचीचा पिवळा दात घासण्याचा ब्रश नाचवीत होते, त्याचे मात्र भारी नवल वाटले. ही त्यांची १९७०च्या दशकापासूनची परंपरा आहे म्हणे. त्या ब्रशापायी मी वाचू लागले, आणि वाचता वाचता हसू मावळून गेले.

संघाची स्थापना १९१६ सालची. ‘ग्लिम्ट’ म्हणजे लकाकी. वीज चमकून जावी तशी क्षणभराची चमक. पुढे त्याच नावाचा दुसरा एक संघ असल्यामुळे १९४८ साली आपल्या नावामागे त्यांनी गावाचे नाव जोडले. पण ही लकाकी नॉर्वेच्या बाकीच्या लोकांना दिसावी कशी? उत्तरेकडच्या संघांना राष्ट्रीय चषकात खेळण्याची परवानगीच नव्हती! ती मिळाली १९६३ साली. आणि देशातल्या सर्वांत वरच्या श्रेणीचे दार तर १९७२ साली उघडले. तोवर उत्तरेकडच्या संघाने कितीही सामने जिंकले तरी त्याला वर जाण्याचा मार्गच नव्हता. कारण काय? तर उत्तरेकडचे लोक दक्षिणेकडच्यांच्या तोडीचे खेळू शकणार नाहीत, अशी एक जुनी समजूत.

वाचकहो, या समजुतीकडे जरा नीट पाहा. तुम्ही चांगले खेळत नाही, म्हणून तुम्हाला चांगल्या संघांबरोबर खेळू देणार नाही. आणि चांगल्या संघांबरोबर खेळला नाहीत, म्हणून तुम्ही चांगले खेळू शकणार नाही. घाण्याच्या बैलासारखा गोल फिरणारा हा युक्तिवाद! त्याला कुठून सुरुवात झाली ते दिसत नाही, आणि तो संपतही नाही.

हा युक्तिवाद मी ऐकलेला आहे. आमच्या आळीत माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलेले नाही. आण्णा मार्केट यार्डात गुळाच्या रव्यांची हमाली करतात. मी बारावी झाले तेव्हा गावातले एक वजनदार गृहस्थ त्यांना म्हणाले, “तुमच्यात कुणी शिकलंय का आजपतोर? मग पोरीच्या डोक्यात शिरायचं कसं?” आण्णा काहीच बोलले नाहीत. त्यांना उत्तर सुचले नाही असे नव्हे. ज्याच्याकडे हातउसने मागायला जावे लागते त्याला उत्तर द्यायचे नसते, एवढेच. त्या गृहस्थांच्या मनात दुष्टावा असेल असेही मला वाटत नाही. नॉर्वेतल्या त्या दक्षिणेकडच्या मंडळींच्या मनात तरी कुठे होता? आजवर झाले नाही ते पुढेही होणार नाही, असे मानून त्यांना निवांत झोप लागत होती, इतकेच.

पण दार उघडले म्हणजे सगळे झाले, असेही नाही. दुसऱ्या श्रेणीचे तेव्हा तीन गट होते. दक्षिणेकडच्या दोन गटांत जो पहिला येई तो थेट वर जाई. उत्तरेकडच्या गटात पहिला आलेल्याने मात्र दक्षिणेकडच्या दोन्ही गटांतल्या दुसऱ्या क्रमांकांशी पुन्हा सामने खेळायचे! बोडो-ग्लिम्ट १९७४ साली गटात पहिले आले आणि त्या जादा सामन्यांत अडकले. १९७५ सालीही तेच. आणि गंमत पाहा, त्याच १९७५ साली त्यांनी अंतिम सामन्यात वार्ड संघाला २–० असे हरवून राष्ट्रीय चषक जिंकला. उत्तरेकडे चषक नेणारा हा पहिला संघ. चषकात खेळण्याची परवानगी मिळून अवघी १२ वर्षे झाली होती. म्हणजे देशाचा चषक हातात आणि वरच्या श्रेणीत मात्र प्रवेश नाही! अखेर १९७६ साली ते वर चढले आणि १९७७ च्या पहिल्याच हंगामात देशात दुसरे आले.

दार उघडायचे, पण उंबरठा तेवढा उंच ठेवायचा, ही गोष्टही माझ्या ओळखीची आहे. ज्यांच्या घरात कुणी आधी कॉलेजात गेलेले असते त्यांना जेवता जेवता कळते, ते मला चार खिडक्यांपुढे रांगा लावून कळले. कुठल्या दाखल्याला कुठला कागद लागतो, विषय कसे निवडायचे, सूचना फलकावरचा इंग्रजी मजकूर आपल्याला लागू आहे की नाही, हे सारे माझे जादा सामने. प्रत्येक अर्जात ‘पालकांचे शिक्षण’ असा एक रकाना असतो. त्यात मी आडवी रेघ मारते. हात थरथरत नाही. पण ती रेघ मारताना दरवेळी मी आजूबाजूला पाहते खरे.

आता एका घराण्याविषयी सांगते. हाराल्ड बर्ग नावाचा खेळाडू नेदरलँड्समध्ये काही वर्षे व्यावसायिक फुटबॉल खेळून १९७४ साली बोडोला परत आला आणि पुढच्याच वर्षी संघाने चषक जिंकला. त्याचे ओर्यान, रुनार आणि आरिल्ड हे तिघे मुलगे याच संघातून खेळले. ओर्यानचा मुलगा पात्रिक. इटलीतल्या प्रख्यात रोम संघाला बोडोने २१ ऑक्टोबर २०२१ रोजी ६–१ असे हरवले, तेव्हा त्या सहा गोलांतला एक पात्रिकचा होता. रोमचे तेव्हाचे प्रशिक्षक होते जोझे मोरिन्यो. हजाराहून अधिक सामन्यांच्या त्यांच्या कारकिर्दीत त्यांच्या संघाने सहा गोल खाण्याची ती पहिलीच वेळ.

आजोबांच्या वेळी नियमच आडवे होते. नातवाच्या वेळी ते नव्हते. आमच्या वर्गातही अशा मुली आहेत, ज्यांच्या आजोबांची पुस्तके घरात कपाटभर आहेत. मी ‘कमवा व शिका’ योजनेत ग्रंथालयात काम करते. पुस्तकांवरची धूळ पुसताना मला पूर्वी त्यांचा हेवा वाटे. आता वाटते, त्यांच्याही घरात कधीतरी कुणी पहिला झाला असेलच की! त्यानेही रांगा लावल्या असतील. प्रत्येक घराला एक हाराल्ड लागतो. आमच्या घरात तो क्रमांक माझ्यावर आला, एवढेच.

मात्र या संघाचा इतिहास म्हणजे नुसती चढती भाजणी नव्हे. १९८० साली ते खाली घसरले आणि पुढची बारा वर्षे वर आले नाहीत. १९९२ साली वर चढले, १९९३ साली पुन्हा चषक जिंकला. २००५ साली पुन्हा खाली, मग वर, २००९ साली पुन्हा खाली. २०१० च्या सुमारास तर तिजोरीत खडखडाट झाला. खेळाडूंच्या पगाराची पंचाईत. तेव्हा गाव धावून आले. लोकांनी वर्गणी काढली, रिकाम्या बाटल्या जमवून त्यांचे पैसे संघाला दिले. २०१६ साली पुन्हा एकदा घसरण. असा हा संघ. त्याच्याकडून कुणी काय अपेक्षा ठेवावी?

आणि नेमक्या याच वेळी संघाने एक विचित्र वाटणारी गोष्ट केली. २०१७ साली ब्योर्न मान्सव्हेर्क नावाच्या, लढाऊ विमान चालवलेल्या वैमानिकाला खेळाडूंच्या मनाची मशागत करायला बोलावले. फुटबॉलशी त्याचा संबंध नव्हता. पुढच्या वर्षी मुख्य प्रशिक्षक झालेले शेटिल क्नुत्सेन आणि तो यांचा भर एकाच गोष्टीवर. सामना जिंकू की हरू, कितवे येऊ, याची चर्चा करायची नाही. आज सराव कसा केला, चेंडू नसताना किती धावलो, एकमेकांशी खरे बोललो का, एवढेच पाहायचे. गोल खाल्ला की खेळाडू मैदानातच वर्तुळ करून उभे राहतात आणि काय घडले ते बोलून घेतात. कुणावर खापर नाही, रडारड नाही.

उल्रिक साल्टनेस या खेळाडूचे सामन्याच्या ताणाने पोट बिघडत असे. खेळ सोडावा, इथवर त्याचे विचार गेले होते. तो टिकला. १० एप्रिल २०२५ रोजी रोमच्याच लात्सिओ संघाला बोडोने २–० असे हरवले, त्यातले दोन्ही गोल साल्टनेसचे. परतीच्या सामन्यात रोममध्ये लात्सिओने बरोबरी साधली, पण पेनल्टींवर बोडोने ३–२ अशी बाजी मारली आणि युरोपीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत जाणारा तो नॉर्वेचा पहिला संघ ठरला.

मधल्या काळात २०२० साली त्यांनी देशाचे विजेतेपद पहिल्यांदा मिळवले होते. संघाचे वय १०४ वर्षे! ३० सामन्यांत २६ विजय, ३ बरोबरी, फक्त १ हार, आणि गोल १०३. उत्तरेकडचा कोणताही संघ त्यापूर्वी विजेता झाला नव्हता. मग २०२१, २०२३ आणि २०२४ सालीही तेच विजेते. जानेवारी २०२६ मध्ये बोडोला आलेल्या मँचेस्टर सिटीसारख्या धनाढ्य संघाला त्यांनी ३–१ असे परत पाठवले. तरीही हार त्यांना सुटलेली नाही. २०२५ च्या उपांत्य फेरीत इंग्लंडच्या टॉटनहॅमने त्यांना दोन्ही सामन्यांत हरवले, आणि त्याच वर्षी देशाचे विजेतेपद व्हायकिंग संघाकडे एका गुणाने गेले. एका गुणाने! पण फक्त निकालावर जगायचे नाही हे एकदा ठरवले की एका गुणाने माणूस मोडत नसावा.

हे सारे मी इतक्या आवडीने का वाचले, ते आता सांगून टाकते. दिवाळीत आण्णांनी विचारले, “तिसरं वरीस झालं की नोकरी लागंल का गं?” प्रश्न साधा होता. त्यांची पाठ आता रवे उचलून दुखते. मामाने एक स्थळ सुचवले आहे. भाऊ दहावीत आहे. दोघांचा खर्च झेपेल की नाही हा घोर आहेच. ‘लागेल’ म्हणावे तर ते खोटे ठरू शकेल. ‘माहीत नाही’ म्हणावे तर मग शिकायचे कशाला, हा प्रश्न उभाच. मी त्या दिवशी भांडी घासायला उठले.

पण नंतर चार दिवसांनी मी त्यांच्याजवळ बसले. म्हटले, “आण्णा, नोकरीचं वचन मी देऊ शकत नाही. रोजच्या कामाचं देते. एकही तास चुकवणार नाही, ग्रंथालयाचं काम सोडणार नाही, आणि भावाचा दहावीचा अभ्यास मी घेईन.” आण्णा बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, “हमालीचंबी तसंच असतंय. सौदा किती निघंल ते आपल्या हातात नसतं. रवा नीट उचलायचा, एवढंच.” नॉर्वेतल्या त्या वैमानिकाने याहून वेगळे काय शिकवले असेल, मला सांगा!

होकार अजून पक्का नाही, पण नकार आलेला नाही. तिसऱ्या वर्षाचा अर्ज जूनमध्ये भरायचा आहे. ‘पालकांचे शिक्षण’ या रकान्यात मी पुन्हा आडवी रेघ मारीन. या वेळी आजूबाजूला न पाहता. आणि दोन वर्षांनी भाऊ कॉलेजचा अर्ज आणील तेव्हा कुठल्या दाखल्याला कुठला कागद लागतो, हे त्याला रांगेत उभे राहून शिकावे लागणार नाही. ते त्याला जेवता जेवता कळेल.