धुळ्याच्या वाटेवर

गेल्या माघांत आम्ही एस. टी.नें जळगांवाहून धुळ्यास निघालों. गिरणेचा पूल मागें पडला. दोहों बाजूंस बोंडें वेंचून झालेलीं कपाशीचीं रानें लागलीं. आमच्या शेजारीं एक वृद्ध गृहस्थ मांडीवर पिशवी धरून बसले होते. एरंडोलास एक प्रौढ बाई एकट्याच चढल्या. बराच वेळ कोणीच बोललें नाहीं.

पारोळ्याच्या सुमारास बाईंनीं फडकें सोडून कळण्याची भाकरी पुढें केली. "भाऊ, घांसभर घ्या." वृद्धांचे डोळे भरून आले. धुळ्याच्या तुरुंगांत त्यांचा मुलगा होता. दोन वर्षें ते त्यास भेटले नव्हते. "तुझें तोंड पाहणार नाहीं, असें बोलून बसलों, ताई. आतां काय बोलूं?"

"कांहीं बोलूं नका, नुसतें समोर उभे राहा. माझा मुलगा रागानें घर सोडून गेला, तो पुन्हां दिसलाच नाहीं. तुमचा तर तेथें आहे."

त्याच तुरुंगांत १९३२ सालीं, २१ फेब्रुवारीपासून १८ रविवार, विनोबांनीं बंदिवानांस गीता समजावून सांगितली व साने गुरुजींनीं ती लिहून घेतली. अनन्यभावानें भजणाऱ्या दुराचाऱ्यासहि साधु मानावें, असें नववा अध्याय सांगतो. तें आश्वासन आंतल्या बंदिवानाइतकेंच दाराबाहेर अडखळणाऱ्या बापासहि आहे, हें आम्हांस त्या दिवशीं उमगलें.

धुळ्यास उतरल्यावर बाईंनीं आपलें काम मागें ठेवलें आणि त्या वृद्धांबरोबर तुरुंगाच्या रस्त्यास लागल्या.