शटर वर राहू दे

चोपडा, १० एप्रिल

चि. सौ. ताईस,

तू मोबाइलवर पाठवलेला नकाशा दादाने दाखवला. तुझ्या चिमीच्या घरशाळेसाठी ट्रॅक्टरच्या खोलीत चार बाकं, फळा, एसी, भिंतींवर प्राण्यांची चित्रं, आणि शटर कायमचं काढून तिथे भिंत व काचेची खिडकी. दादा तुला काही म्हणणार नाही. लेक पुणं सोडून गावी राहायला येते म्हटल्यावर तो तुला अख्खं घर पाडू देईल. म्हणून मीच लिहायला बसले. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस.

काल दुपारी दोन वाजता मुद्दाम त्या खोलीत जाऊन बसले. बसले म्हणजे काय, पाच मिनिटांत उठले. वर पत्रे, तोंड पश्चिमेला आणि लोखंडी शटर. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो हे पुण्यात राहून तू विसरलीस. तिथे एसी लावशील, पण उन्हाळ्यात लाइट किती वेळा जाते? पत्र्यांवर चुन्याचे दोन हात मार, शटरबाहेर वाळ्याचा पडदा सोड, समोरच्या भिंतीत वर झरोका फोडून घे म्हणजे वारा आरपार जाईल. एवढं करूनही दुपारी बारानंतर ती खोली पोरांची नाही. मागचं धाब्याचं माजघर कशासाठी आहे? सागाच्या तुळया, वर पांढऱ्या मातीचा हातभर थर, आजोबांच्या वेळचा. तिथे दुपारी पंखाही लागत नाही. सकाळी साडेसातपासून साडेदहापर्यंत पुढच्या खोलीत, दुपारी माजघरात, ऊन उतरलं की ओट्यावर. सगळी शाळा एकाच खोलीत कोंबायचा हट्ट कशाला? ते तर तू जिथून पळून येते आहेस तिथलं आहे.

खोलीचं म्हणशील तर एसीपेक्षा जमिनीकडे आधी बघ. ट्रॅक्टर धुतल्यावर पाणी बाहेर जावं म्हणून कोब्याला रस्त्याकडे उतार आहे. मी पेन्सिल खाली ठेवून पाहिली, सरळ शटरपर्यंत गेली. उतार भरून घे, पण दाराशी चार बोटं उंचवटा ठेव, नाहीतर मृगाचा पहिला पाऊस आधी वर्गात येईल. शटरखालच्या फटीला रबरी पट्टी लावून घे, विंचू तिथूनच येतात. डिझेलच्या डागांवर भुसा टाकून ते शोषू दे आणि मग सोड्याने घासून काढ, कारण तेलकट कोब्यावर माल धरत नाही. आणि कोपऱ्यातली ती फळी! फवारणीचा पंप आणि औषधांचे डबे हलवले की झालं, असं दादाचं म्हणणं. मला ते पटत नाही. वर्षानुवर्षं डबे तिथे पाझरले आहेत. फळीमागचं प्लास्टर खरवडून नवीन करायला लाव, आणि ती फळी चुलीत घालू देऊ नकोस.

पत्र्याखालच्या पाइपांना अजून कापसाचे धागे चिकटलेले दिसले. २०२२ मध्ये कापूस क्विंटलला १०,००० च्या वर गेला होता, आठवतं? पुढच्या हंगामात तोच भाव येईल म्हणून सगळ्या खान्देशाने माल घरात धरून ठेवला. दादाने ट्रॅक्टर रस्त्यावर उभा केला आणि ही खोली पार छतापर्यंत भरली. घरातल्या सगळ्यांच्या अंगाला खाज सुटली, भाव मात्र आला नाही. चिमीला गणित शिकवायचं तर त्या कापसापासून सुरुवात कर. किती क्विंटल होता, ठेवून वजन किती घटलं, शेवटी काय हाती आलं. दादा तिला, नातीला, खरे आकडे सांगेल, तुला सांगणार नाही.

कायद्याचं तू विचारलं आहेस. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे असं त्याचं दहावं कलम म्हणतं, पण न घालणाऱ्या पालकाला शिक्षा त्यात कुठे लिहिलेली नाही. घरी शिकवणारे या फटीत राहतात. पुढे परीक्षेसाठी वाटा आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालय १९८९ पासून आहे, चौदा वर्षं पूर्ण झाली की तिथून दहावी देता येते. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची पाचवी आणि आठवीसुद्धा आहे. शिवाय बाहेरून परीक्षेला बसायला आपल्या बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्म आहेच. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला मास्तर-बाई दारात येतील. त्यांना कायदा शिकवू नकोस, चहा दे. त्या उन्हात मीही घरं मोजत फिरले आहे.

आणि बहिणाबाईंचं उदाहरण पुन्हा कोणाला देऊ नकोस, माझी विनंती आहे. घरशाळेवर बोलायला उठणारा प्रत्येक जण म्हणतो, आसोद्याची बहिणाबाई कुठे शाळेत गेली होती? ती गेली नाही कारण १८८० च्या सुमाराला जन्मलेल्या कुणब्याच्या पोरीला शाळेत घालत नसत. तिने शाळा सोडली नव्हती, शाळेने तिला घेतलं नव्हतं. आणि मुलगा सोपानदेव शाळेत जाऊन लिहायला शिकला नसता तर ती गाणी तिच्याबरोबरच गेली असती.

उदाहरणच हवं असेल तर ताराबाई मोडकांचं घे. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला बालवाडी काढली. चांगली शास्त्रशुद्ध, मॉन्टेसरीच्या साधनांची. पण हरिजनवस्तीतली, आदिवासी पाड्यातली पोरं काही येईनात. तेव्हा बाईंनी साधनं उचलली आणि त्या पोरांच्या अंगणात जाऊन मांडली. अंगणवाडी हे नाव तिथलं. पुढे १९५७ मध्ये अनुताई वाघांना घेऊन त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या आणि गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरवली. सरकारची अंगणवाडी १९७५ ची, नाव मात्र बाईंचं. घरशाळेची इंग्रजी पुस्तकं तू मागवलीस, पण घराच्या दारात शाळा कशी मांडायची हे तर आपल्या मराठी बायकांनी करून ठेवलं आहे. फरक एकच, त्यांनी ती एका पोरासाठी नव्हती मांडली.

तुझ्या नकाशात मला खटकलं ते हेच. शटर काढून भिंत आणि काच. अगं, आपल्या घरातली ती एकच खोली अशी आहे की जिचं तोंड सबंध उघडतं. बाकी घराला दार आहे, बोळ आहे, मग माजघर. इथे शटर वर सरकवलं की दहा फूट गल्ली थेट आत. भाजीवाली, केळीचे ट्रॅक्टर, शेजारच्यांच्या शेळ्या. चिमीचं लक्ष उडेल म्हणतेस? उडू दे थोडं. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर तिचं लक्ष उडवायला काही नव्हतं आणि तरी ती बाकावर टिकली नाही.

दुसरं म्हणजे दादाच्या सालदाराची मुलगी. चिमीएवढीच असेल. पावरा लोक ते, सातपुड्यातून खाली आलेले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालाचा करार होतो, दुसरीकडे चार पैसे जास्त मिळाले की बिऱ्हाड हलतं आणि पोरीची शाळा सुटते. तीन गावांच्या हजेरीपटांवर तिचं नाव असेल, अक्षरओळख मात्र कच्ची. मी खोलीत मोजमाप करत होते तेव्हा ती उतारावर गोट्या सोडत होती आणि कुठली आधी पोहोचेल ते न चुकता सांगत होती. पावरी बोलते, अहिराणी बोलते, मराठी समजतं. चिमीला यातलं एकच येतं. दोघी एका चटईवर बसल्या तर कोण कोणाला काय शिकवेल ते तूच बघ. मात्र सालदाराच्या बायकोला आधी नीट विचार, आणि मुलीचं शाळेतलं नाव काढू देऊ नकोस. तिच्यासाठी १७ नंबरचा फॉर्म भरायला मागे कोणी उभं नाही. ती सकाळी शाळेत जाईल आणि चारनंतर तुझ्याकडे ओट्यावर येईल. तुझं वेळापत्रक तिच्या वेळेला जुळव.

बाकं घेऊ नकोस, दोन सतरंज्या पुरतात. एक फळा घे, तोही शटरच्या बाजूच्या बाहेरच्या भिंतीवर. तापीपलीकडे अमळनेरला साने गुरुजी शिक्षक होते तेव्हा वसतिगृहातल्या मुलांसाठी रोज हाताने एक दैनिक लिहून लावायचे. तसं पोरींना रोज त्या फळ्यावर चार ओळी लिहू दे, कापसाचा आजचा भाव, कोणाची गाय व्याली. गल्ली वाचेल आणि चुका काढेल. त्या चुका तू काढण्यापेक्षा ते बरं.

माझ्याकडचा जुना तराजू आणि वजनं पोत्यात बांधून ठेवली आहेत, दादाकडे देते. गवंडी आखाजीपर्यंत मोकळा आहे, पुढे तो विहिरीच्या कामावर जातो. त्याला फक्त उतार, उंबरठा, झरोका आणि प्लास्टर सांगू ना? शटरला हात लावायचा नाही, एवढं तुझ्याकडून कळलं की उद्याच बोलावते. जावईबापूंना नमस्कार सांग, चिमीला पापा.

तुझी,
फुई