सुटला आणि सोडवला

आमच्या वाड्यात कुत्रा 'मेला' असं कुणी म्हणत नसे. तो सुटला, असं म्हणत. गवळ्याची म्हैस सुटली, माडीवर वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या आत्याआजी सुटल्या, मोती सुटला. सुटायचं काम ज्याचं त्यानं करायचं. बाकीच्यांनी शेजारी बसायचं, चमच्यानं पाणी पाजायचं आणि झाल्यावर 'बरं झालं, सुटला' म्हणून पदरानं डोळे टिपायचे.

मांजरांसाठी दुसरं क्रियापद होतं. वाड्यात मांजरं फार झाली की काका त्यांना पोत्यात घालून मंडईत 'सोडून येत'. थोरली बोकी मात्र एकदा काका परत यायच्या आधीच घरी पोचून चुलीपाशी अंग चाटत बसली होती. आम्ही पाच भावंडं, सख्खी-चुलत मिळून, जिन्याच्या पायऱ्यांवर बसून हे सगळं बघायचो. सोडणं मोठ्या माणसांचं आणि सुटणं जनावराचं, एवढं आम्हाला त्या पायऱ्यांवर समजलं. या दोहोंच्या मधलं क्रियापद शिकवायचं राहून गेलं. ते पुढे एकेकाच्या घरी, एकेका वर्षी, आपलं आपण शिकावं लागलं.

मोती शनिवार पेठेतल्या वाड्यात आला तो १९७०च्या सुमारास. आला म्हणजे कुणी आणला नाही. दिंडीदरवाजातून आत शिरला आणि राहिला. कुत्रा विकत घेतात हे तेव्हा आम्हाला सांगितलं असतं तर खोटं वाटलं असतं. नावंही ठरलेली असत: मोती, राजा, काळू, वाघ्या आणि घरात कुणी इंग्रजी शाळेत जात असेल तर टायगर. खायला शिळी पोळी, आमटीत कुस्करलेली भाकरी, सणाला दूधभात. म्युनिसिपालिटीच्या गाडीनं धरून नेऊ नये म्हणून गळ्यात लायसनचा पितळी बिल्ला. मोतीच्या मालकीची तेवढी एकच वस्तू. कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शनं, या धाकापायी आम्ही त्याच्या शेपटीच्या वाटेला कधी गेलो नाही.

त्याची हद्द स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापर्यंत. आजी सोवळ्यात आत, मोती बाहेर पंजांवर हनुवटी टेकून. दुपारी गहू निवडताना ती त्याला सगळ्या सुनांची गाऱ्हाणी सांगायची. त्यानं ती कुणाला सांगितली नाहीत.

१९८२ची दिवाळी. मोतीचे मागचे पाय वर्षभर ओढतच चालले होते. पहिल्या ॲटमबाँबच्या आवाजाला तो जिन्याखाली शिरला आणि मग बाहेर आलाच नाही. भाताची ताटली तशीच्या तशी. त्याच दिवसांत पवनारला विनोबांनी अन्न आणि औषध घेणं थांबवलं होतं. रेडिओवर रोज त्यांच्या प्रकृतीची बातमी असे. आजी म्हणाली, "यानंही प्रायोपवेशन मांडलंय." विनोबा लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, १५ नोव्हेंबरला गेले. मोती त्यानंतरही होता.

काका बँकेत होते, चार लोकांत वावरत. ते म्हणाले, "गुरांच्या दवाखान्यातून डॉक्टर आणतो. एक इंजेक्शन देतील, त्रास संपेल." ओटीवर कुणी काही बोलेना. मग आजोबांनी साबरमतीच्या वासराची गोष्ट काढली. १९२८ साली गांधीजींनी आश्रमातल्या एका असाध्य आजारी, तडफडणाऱ्या वासराला डॉक्टरकडून इंजेक्शन देववून मरण दिलं आणि 'नवजीवन'मध्ये तसं उघड लिहिलं. संतापाच्या पत्रांचा पाऊस पडला. आजोबा तेव्हा अठरा वर्षांचे. त्यावरून त्यांच्या घरी माजघरात झालेलं भांडण त्यांना शब्दाशब्दासकट आठवत होतं.

"गांधींचं चुकलं नाही," आजोबा म्हणाले, "पण तेवढ्या शिव्या वाचून रात्री झोप लागायला गांधीच पाहिजे. मला या जिन्यावरून रोज जायचंय."

विषय मिटला. मोती कण्हत राहिला. तो आवाज आम्हा पाचही जणांना आठवतो, पण किती रात्री, यावर आजही एकमत नाही. दादा म्हणतो दोन, ताई म्हणते आठ. मोजायचं कुणाला सुचलंच नव्हतं. एका पहाटे आजी सोवळं नेसलेली, तशीच उंबरठा ओलांडून जिन्याखाली गेली. मोतीच्या तोंडात तिनं तुळशीचं पान ठेवलं, वर पळीभर पाणी. थोड्या वेळानं बाहेर येऊन म्हणाली, "सुटला." मागच्या अंगणात पारिजातकाखाली खड्डा खणला, त्यात मीठ टाकलं. आजीनं पुन्हा आंघोळ केली आणि चूल पेटवली.

पुढे वाडा बिल्डरकडे गेला आणि आईबाबा कोथरूडला तीन खोल्यांत आले. १९९४ साली 'हम आपके हैं कौन' लागला आणि वर्षभरात आमच्या सोसायटीत तीन टफी झाले. पांढरेशुभ्र, झुबकेदार, दाराची बेल वाजायच्या आधी भुंकणारे. सगळे त्यांना पामेरियन म्हणत. त्यातला एक आमचा. फ्लॅटच्या स्वयंपाकघराला उंबरठा नव्हता, त्यामुळे टफीला हद्दही नव्हती. पहिल्या आठवड्यात सोफा, पहिल्या पावसाळ्यात आईच्या पायाशी गादी. मोती वाड्याचा होता. टफी आमचा होता. पुढचं सगळं अवघड झालं ते यातूनच.

२००९, पुण्यात स्वाइन फ्लूचं साल. रस्त्यात सगळ्यांच्या तोंडाला फडकी. टफी पंधराव्या वर्षात होता. आधी तो भांडंच्या भांडं पाणी पिऊ लागला, मग ओकाऱ्या सुरू झाल्या, तोंडाला उग्र वास येऊ लागला. रक्त तपासलं. क्रिएटिनिनचा आकडा बघून डॉक्टर म्हणाले, "किडन्या थकल्यात. बऱ्या होणार नाहीत. राहिलेले दिवस सुखाचे करू." त्याचं मटण बंद झालं, दहीभात सुरू झाला. एक दिवसाआड कातडीखाली सलाईन. बाबा बाटली खिडकीच्या गजाला टांगत, आई मानेमागची कातडी चिमटीत धरून सुई घाली. पाठीवर उंटासारखं टेंगूळ यायचं आणि संध्याकाळपर्यंत जिरायचं. त्या टेंगळावर हात ठेवून आई टीव्ही बघायची.

आईचा हिशेब भिंतीवर असे. कालनिर्णयाच्या चौकटींत दूधवाल्याचे खाडे, बाईचे खाडे, गॅस कधी लावला ते. ऑगस्टपासून तिथे लाल पेनानं 'ट' उमटू लागला. टफी जेवला नाही तो दिवस. टफीचा खाडा.

बाबांचा हिशेब वहीत. धाकटा भाऊ न्यू जर्सीत. त्यानं तिकडच्या जनावरांच्या डॉक्टरांकडून एक यादी मिळवून फोनवर वाचून दाखवली. ॲलिस व्हिलालोबोस नावाच्या अमेरिकन डॉक्टरबाईंनी २००४ साली केलेली. वेदना आटोक्यात आहेत का, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हिंडणं-फिरणं आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. सात प्रश्न, प्रत्येकी दहा मार्क. सत्तरपैकी पस्तिसाच्या वर असेल तर चालू द्यावं.

बाबा पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. 'पस्तीस' ऐकून ते जरा सरसावून बसले. तो आकडा त्यांच्या ओळखीचा होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी वही आखली आणि रोज रात्री जेवणानंतर टफीचा पेपर तपासू लागले. त्यांच्या हातून एकदोन मार्कांनी कुणी पोरगं कधी नापास झालं नव्हतं. टफीला कसं करणार? "अगं, मी चपला घातल्या तेव्हा कान हलवले त्यानं. आनंदाचे चार कसे? सहा." कधी छत्तीस, कधी सदतीस. ग्रेस देऊन देऊन टफी रोज वरच्या वर्गात जात होता.

शिवाय सण होते. गणपतीत नको, घरात देव बसलेत. पक्षात नको, ते दिवस वाईट. नवरात्रात तर नकोच. मग दसरा, मग कोजागरी, मग 'दिवाळीला धाकटा येतोय, त्याला भेटू दे'. आई एकदाच म्हणाली, "कालनिर्णयात रिकामा दिवस सापडलाय का कधी कुणाला?"

दसऱ्यानंतरच्या नऊ दिवसांत सात खाडे पडले. नवव्या रात्री टफीनं गादीवर घाण केली. आयुष्यात पहिल्यांदा. आई पुसत होती तेव्हा त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं आणि ती उठेपर्यंत इकडे केलं नाही. आई हात धुऊन आली आणि बाबांना म्हणाली, "आता सोडवू या त्याला."

"आज सदतीस आहेत," बाबा म्हणाले.

"तुमच्या वहीत," आई म्हणाली.

तेव्हा 'दयामरण' हा शब्द आमच्या घरात बोलला जात नव्हता. तो आला २०११च्या मार्चमध्ये, अरुणा शानबागच्या निकालानंतर. त्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं असंही म्हटलं होतं की अरुणाच्या वतीनं बोलण्याचा अधिकार तिची वर्षानुवर्षं सेवा करणाऱ्या केईएममधल्या लोकांचा. आईनं ती बातमी दोनदा वाचली. "बरोबर आहे," ती म्हणाली, "ज्यानं केलं त्यानं सांगायचं." बाबांनी वर्तमानपत्राआडून मान हलवलेली मी पाहिली.

टफीचे डॉक्टर त्या नवव्या रात्रीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरीच आले. संमतीच्या कागदावर सही हवी होती. हजारो प्रगतिपुस्तकांवर सह्या केलेले बाबा पेन उघडून बसून राहिले. सही आईनं केली. डॉक्टरांनी सगळं आधी सांगितलं. पहिलं इंजेक्शन गुंगीचं. दुसरं भुलीच्याच औषधाचं, पण इतक्या मोठ्या मात्रेत की शुद्ध, श्वास आणि मग हृदय थांबतं. डोळे मिटणार नाहीत. नंतर एखादा श्वास आल्यासारखा वाटेल, पाय थरथरेल. घाबरू नका, त्यात वेदना नसते. गुंगीनं दहा मिनिटांत टफी घोरू लागला. दोन महिन्यांत तो तसा गाढ झोपला नव्हता.

पुढच्या पायाची शीर नीट फुगावी म्हणून डॉक्टरांनी बाबांना कोपराशी अंगठा दाबून धरायला सांगितलं. सुई शिरेत गेली. सिरिंजमध्ये रक्ताचा एक धागा दिसला.

"काका, आता अंगठा उचला."

बाबांनी उचलला नाही. डॉक्टर थांबले. खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती. आईनं बाबांच्या मनगटावर हात ठेवला. ओढला नाही, नुसता ठेवला. मग बाबांनी अंगठा उचलला.

शेजारच्या काकू दारात आल्या आणि हळहळून म्हणाल्या, "सुटला हो बिचारा."

"नाही," बाबा म्हणाले. "सोडवला."

तेराव्याला गोडधोड करतात तसं काही टफीचं केलं नाही. पण त्या सुमारास बाबांनी कालनिर्णयाचं पान आणि वही शेजारी ठेवून फेरतपासणी केली. दिलेले ग्रेस मार्क लाल शाईनं काढून टाकले, बेरजा नव्यानं मांडल्या. टफी दसऱ्यालाच नापास झालेला होता. "नऊ दिवस," बाबा म्हणाले, "नऊ दिवस मी त्याला माझ्यासाठी वर्गात बसवून ठेवलं." आई त्यावर काही बोलली नाही. तिनं ऑक्टोबरचं पान फाडलं नाही. दूधवाल्याचा हिशेब मिटल्यावरही ते डब्यात घडी करून ठेवलं.

त्यानंतर आम्हा पाच जणांच्या घरांतून मिळून चार जनावरं गेली. दादाचा डॉबरमन, ठाण्याच्या बहिणीची दोन मांजरं, न्यू जर्सीतली म्हातारी लॅब्राडोर. गणपतीला सगळे जमलो की रात्री कधीतरी हा विषय निघतो. घाई झाली असं आमच्यातलं कुणीही म्हणत नाही. उशीर झाला असं सगळे म्हणतात आणि प्रत्येकाला किती दिवसांचा ते पाठ असतं. मोतीच्या रात्रींवर अजून भांडण होतं. या दिवसांवर होत नाही.

मला आजोबांचा राग कधी आला नाही. वाट बघायची कशी याची त्यांच्या पिढीकडे रीत होती: तुळस होती, पळी होती, मीठ होतं. आमच्या वाट्याला निर्णय आला, आणि त्याची रीत म्हणून आमच्याकडे निघाला तो एक लाल पेन.

आई आता नाही. बाबा शहाऐंशी वर्षांचे आहेत. यंदा ताईचा शेरू पंधराचा झाला. पार्किंगमध्ये जन्मलेला, तपकिरी, एका कानाचा. त्याच्या पोटात गाठ आहे आणि डॉक्टरांनी वयाकडे बघून ऑपरेशनला नको म्हटलंय. ताईकडे दूध पिशवीतून येतं, पैसे मोबाइलवरून जातात, हिशेबाला भिंत लागत नाही. तरी गेल्या महिन्यात ती कालनिर्णय विकत घेऊन आली आणि फ्रिजशेजारी खिळा ठोकून टांगलं.

रोज संध्याकाळी सातच्या बातम्यांआधी बाबांचा तिला फोन येतो. खुशाली विचारायच्या भानगडीत ते पडत नाहीत.

"आज खाडा?"

"नाही काका, खाल्ला की थोडा दहीभात."

"थोडा म्हणजे किती?" बाबा विचारतात. "खरं सांग."