एक वाटी विरजण

आमच्या साताऱ्याच्या वन्संचा धाकटा मुलगा नोकरीसाठी पुण्यात आला, तेव्हापासून तो वारज्याला आमच्याकडेच राहतो. वय चोवीस. त्याचा डबा मी भरते, रात्री उशीर झाला तर पोळ्या झाकून मी ठेवते. पण एका बाजूच्या वृषणात त्याला चार महिने गाठ लागत होती, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. दुखत नव्हती म्हणून तो गप्प बसला. आणि दुखली असती तरी सांगणार कुणाला? मामीला?

शेवटी ह्यांच्याजवळ बोलला, तेही स्कूटरवर मागे बसून, तोंड दिसत नाही अशा वेळी. मग सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या आणि आठ दिवसांच्या आत ऑपरेशन. ते एक वृषण काढून टाकलं. कॅन्सर निघाला, आणि पोटातल्या गाठींपर्यंत गेलेला. केमोची तीन आवर्तनं ठरली. 'हा बरा होणारा कॅन्सर आहे,' असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. आम्ही सगळ्यांनी तेवढंच घट्ट धरून ठेवलं.

उठता उठता डॉक्टर आणखी एक वाक्य बोलले, इंग्रजीत. फर्टिलिटीचं काही करायचं असेल तर गुरुवारच्या आत बघा. भावजींनी मान हलवली. वन्सं पदराला डोळे पुसत होत्या. भाचा मोबाइलकडे बघत होता. आणि मी? मराठीची बी. ए., अर्धवेळ शिक्षिका, नववी-दहावीला व्याकरण शिकवणारी, मीसुद्धा गप्पच राहिले. घरी येताना रिक्षात कुणी त्या वाक्याचं नाव काढलं नाही.

रात्री झोप लागेना. उठून मुलाचं दहावीचं विज्ञानाचं पुस्तक काढलं. त्यात मूलपेशींची माहिती आहे. वाचली, पण आमच्या मुलाच्या आजारपणाशी तिचा काय संबंध ते कळेना. वरच्या मजल्यावर प्राणिशास्त्रात एम. एस्सी. करणारी एक मुलगी राहते. सकाळी दूध तापवता तापवताच तिला खाली बोलावलं. ती बिचारी ओट्याशी उभी राहून मला समजावत होती. मी मध्येच म्हटलं, "म्हणजे विरजणच की!"

मैत्रिणींनो, खरंच तसंच आहे बघा. दही लावताना आपण कालच्या दह्यातलं चमचाभर बाजूला ठेवतो. बाकीचं खाऊन संपतं, पण त्या चमच्यावर उद्याचं, परवाचं दही होतं. पुरुषाच्या वृषणातली मूलपेशी अशीच असते. तिच्या दोन होतात. एक मूलपेशी म्हणून मागे राहते, दुसरी पुढे वाढत वाढत तिचे शुक्रजंतू होतात. वयात आल्यापासून थेट म्हातारपणापर्यंत हे चालू. (आपल्या बायकांचा बीजांडांचा साठा जन्मतःच ठरलेला असतो.) आता केमोचं औषध भराभर वाढणाऱ्या पेशी मारतं. कॅन्सरच्या पेशी त्यात मरतातच, पण ज्यांच्यापासून शुक्रजंतू व्हायचे त्याही मरतात. विरजण वाचलं, तर वर्ष-दोन वर्षांत पुन्हा सगळं सुरू होऊ शकतं. नाही वाचलं, तर भांडं रिकामं. आणि कोणाचं वाचेल हे आधी नेमकं सांगता येत नाही.

त्या मुलीने मला काही लेख छापून आणून दिले. शब्दकोश घेऊन पेन्सिलीने खुणा करत मी ते वाचले. त्यात मुंबईचं, परळचं एक काम होतं. राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेत डॉ. दीपा भारतीय यांनी मूलपेशींवर बरीच वर्षं संशोधन केलं. त्यांच्या गटाने उंदरांना बुसल्फान नावाचं केमोचं औषध देऊन त्यांची वृषणं पार रिकामी केली. तरी काही अगदी बारीक, बाळपेशींसारख्या मूलपेशी तग धरून राहिल्या, असं त्यांना दिसलं. मग बाहेरून पोषण करणाऱ्या, म्हणजे जणू दाईचं काम करणाऱ्या पेशी सोडल्या, तर शुक्रजंतू पुन्हा तयार होऊ लागले, असं त्यांनी २०१४ मध्ये मांडलं. लहानपणी कॅन्सर होऊन गेलेल्या आणि आता वीर्यात शुक्रजंतूच नसलेल्या पुरुषांमध्येही तशा पेशी आढळल्याचा लेख २०१५ मध्ये टाटा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी लिहिला. आणि वृषणाचा कॅन्सर कदाचित याच पेशी बहकल्यामुळे होत असावा, असंही डॉ. भारतीय यांच्या गटाने २०१८ मध्ये सुचवलं.

सगळ्या शास्त्रज्ञांना हे पटलेलं नाही. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या गटाने उंदरांत अशा पेशी शोधल्या, त्यांना सापडल्या नाहीत, असं त्यांनी २०१३ मध्येच लिहिलं होतं. वादात मी कशाला पडू? पण वंश पुढे नेणारी पेशी आणि कॅन्सर यांचं नातं इतकं जवळचं असेल, हे काही माझ्या ध्यानीमनी नव्हतं. गर्भात या बीजपेशी दुसरीकडे तयार होतात आणि चालत चालत आपल्या जागी येतात. एखादी वाटेतच राहिली, तर पुढे वीस-तीस वर्षांनी तिथेच गाठ होऊ शकते. आपल्या युवराज सिंगला छातीत, दोन फुप्फुसांच्या मध्ये गाठ झाली होती ना, ती बीजपेशींचीच. २०१२ मध्ये त्याच्यावर उपचार करणारे इंडियानाचे डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न, त्यांनीच १९७४ मध्ये सिस्प्लॅटिन हे प्लॅटिनमचं औषध या रोगावर इतर औषधांच्या जोडीने वापरलं. त्याआधी असा पसरलेला रोग झालेली बहुतेक तरुण मुलं जात. आता बहुतेक वाचतात. आमच्या भाच्यालाही तेच औषध लागणार होतं. युवराज २०२२ मध्ये बाप झाला, हे मी त्या छापील कागदाच्या समासात लिहून ठेवलं.

कागद वाचून झाले, पण बोलायचं कोणी? ह्यांना म्हटलं, तर "तूच बघ, तुला जमतं," म्हणून चहा पिऊन मोकळे. रविवारी संध्याकाळी मी वन्संजवळ विषय काढला. त्या ताडकन म्हणाल्या, "वहिनी, पोरगा आधी जगू दे. तुला नातवंडांचं कसलं सुचतंय?" मग त्या रडल्याच. त्याच्या लहानपणी एक वृषण खाली उतरलं नव्हतं. 'होईल मोठा झाल्यावर' म्हणत सातव्या वर्षी ऑपरेशन केलं. अशा मुलांना पुढे या कॅन्सरचा धोका जास्त असतो, हे त्यांनी परवाच कुठेतरी वाचलं होतं. त्यांचा राग माझ्यावर नव्हताच. (लहान बाळ असेल त्या घरी एवढं बघाच. सहा महिन्यांपर्यंत खाली उतरलं नाही तर डॉक्टरांना दाखवा. ऑपरेशन लागलंच तर ते दीड वर्षाच्या आत व्हावं असं डॉक्टर सांगतात.)

आम्ही दोघी अशा बसलेल्या असताना सासूबाई जपाची माळ खाली ठेवून म्हणाल्या, "ती पेपरात आली होती ना, पुण्यातलीच, शिक्षिका?" मला आठवलं. २०१८ ची गोष्ट. तिचा मुलगा जर्मनीत शिकत होता. मेंदूत ट्यूमर निघाला, केमोच्या आधी तिथल्या डॉक्टरांनी त्याचं वीर्य गोठवून ठेवायला लावलं. २०१६ मध्ये मुलगा गेला. पुढे त्या ठेवलेल्या वीर्यातून, दुसऱ्या बाईच्या उदरात, त्या आईला जुळी नातवंडं झाली. त्या वेळी आमच्या घरात यावर केवढा वाद झाला होता! सासूबाईंना तेव्हा ते मुळीच पटलं नव्हतं. आता म्हणाल्या, "तिचा गेला, आपला राहणार आहे. आपलं विरजण घरात ठेवायला लाज कसली?" सकाळी ओट्याशी चाललेलं बोलणं त्यांनी देवघरातून ऐकलं होतं.

भाच्याला मीच विचारलं. गच्चीवर, कपडे काढताना, त्याच्याकडे न बघता. "गुरुवारच्या आधी वीर्य ठेवायचं का?" तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मामी, मी नेटवर बघितलं होतं. पण आईसमोर कसं बोलू?" म्हणजे सगळ्यांनाच ठाऊक होतं आणि सगळेच गप्प होतो. सोमवारी आणि बुधवारी हे त्याला घेऊन गेले. आधी रक्त तपासलं, मग नमुने घेतले. उणे १९६ अंशांवर द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात म्हणे. गोठवलेल्या वीर्यापासून गर्भ राहिल्याचं १९५३ मध्येच नोंदलं गेलं, म्हणजे ही काही कालपरवाची विद्या नाही.

वयात न आलेल्या मुलांचं मात्र अवघड आहे. त्यांच्याजवळ शुक्रजंतू नसतात, नुसतं विरजणच असतं. १९९४ मध्ये पेनसिल्व्हेनियात डॉ. राल्फ ब्रिन्स्टर यांनी एका उंदराच्या मूलपेशी दुसऱ्यात सोडून शुक्रजंतू मिळवले. २०१९ मध्ये लहान माकडाच्या वृषणाचा गोठवलेला तुकडा परत बसवून, त्यातल्या शुक्रजंतूपासून पिल्लूही झालं. लहान मुलांच्या बाबतीत हे काम अजून प्रयोगातच आहे.

केमो झाली. केस गेले, वरणभाताचासुद्धा वास सहन होईना, वजन अकरा किलो उतरलं. आता केस आले आहेत, पूर्वीपेक्षा कुरळे. स्कॅन स्वच्छ आहेत. सहा महिन्यांनी वीर्य तपासलं तेव्हा शुक्रजंतू शून्य. डॉक्टर म्हणाले, थांबू या, पुढची तपासणी जानेवारीत. त्याने तो रिपोर्ट लपवला नाही, जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि डब्याला काय आहे म्हणून विचारलं.

आमचा मुलगा सोळाचा आहे. महिन्यातून एकदा अंघोळ करताना चाचपून बघायचं, गाठ किंवा जडपणा वाटला तर त्याच दिवशी सांगायचं, हे त्याला भाच्याने सांगितलंय. माझ्यासमोर. दोघंही लाल झाले होते.

त्या बँकेचं वर्षाचं भाडं येतं. ते भाचा भरणार म्हणाला होता, पण वन्सं ऐकत नाहीत. साताऱ्याहून स्वतः पैसे पाठवतात, आणि पावतीची छापील प्रत हवी म्हणतात. पहिली पावती त्यांनी देवघरातल्या डब्यात ठेवलीय, त्याच्या पत्रिकेखाली.