बसून पाहायचं घर

‘एवढंच?’ महेश्वरच्या किल्ल्यातल्या राजवाड्यात पाऊल टाकलं आणि तोंडून निघून गेलं. मग जरा ओशाळलो. लाकडी खांब, ओसरी, मधे चौक. असे वाडे जुन्या धुळ्याच्या गल्ल्यांत लहानपणी येता-जाता दिसायचे. आम्ही त्यांच्या ओट्यावर गोट्या खेळायचो.

सकाळी आईला घेऊन धुळ्याहून निघालो होतो. आधी तापी लागली, सेंधव्याचा घाट चढून-उतरून खलघाटला नर्मदा. धामणोदहून महेश्वर जवळच. तिथला राजवाडा अहिल्याबाई होळकरांचा. सासरे मल्हारराव 1766 मध्ये गेले, वर्षभरात त्यांचा स्वतःचा मुलगा मालेरावही गेला, आणि अहिल्याबाईंनी इंदूरऐवजी नर्मदाकाठी राहून कारभार हाकला. 1795 मध्ये इथंच त्यांनी देह ठेवला. म्हणजे अठ्ठावीस वर्षं याच घरात. काशीला विश्वनाथाचं देऊळ बांधण्याचा, सोमनाथची पूजा पुन्हा सुरू करण्याचा हुकूम या ओसरीवरून सुटला असणार. हुकमावर सही ‘श्रीशंकर’ अशी.

आणि राजगादी? पांढरी बैठक, लोड, बस्स. जमिनीपासून वीतभर वर. लोक उभ्याउभ्याच बघत होते, फोटो काढून पुढे सरकत होते. मीही तेच केलं. सिंहासनाकडे मान वर करून बघायची सवय असते आपल्याला. इथं राणीच्या जागेकडे मान खाली घालून बघायचं. उरलेल्या वस्तूही मग मला उगाच किरकोळ वाटू लागल्या.

आईचे गुडघे दुखायला लागले तशी ती चौकाच्या कडेला टेकली. “बठ ना,” म्हणाली. आमच्या घरात अहिराणीतला आग्रह हा हुकूमच. बसलो.

आणि घर बदललं. खरंच बदललं. मघाशी ठेंगणे वाटलेले खांब आता वर, तुळईपर्यंत चढत गेले. चौकातलं ऊन नजरेच्या रेषेत आलं. ओसरीच्या आतला अंधार खोल झाला, आणि त्यात ती बैठक बरोबर समोर, आमच्याच उंचीवर. कोणी फिर्याद घेऊन आलं असेल तर ते असंच बसलं असेल की हात जोडून उभं, कोण जाणे. पण हे घर बसणाऱ्यांसाठी बांधलंय, एवढं नक्की. इथलं लिंगार्चनही बसूनच होतं. मातीची इवली इवली शिवलिंगं करायची, पूजायची आणि नर्मदेत सोडायची. रोज नवी माती, रोज विसर्जन.

“हाई ते मामाना घरमायक दिखस,” आई म्हणाली. तिच्या मनात तिच्या मामाचं घर होतं, पण बोलली ते वेगळ्या अर्थानंही खरं. मल्हाररावांचे वडील लवकर वारले. त्यांच्या आईनं लेकराला घेऊन होळ गाव सोडलं आणि तळोद्याला भावाचं घर गाठलं. तळोदं आज नंदुरबार जिल्ह्यात. 1998 पर्यंत आमच्या धुळे जिल्ह्यातच होतं. मामा भोजराज बारगळ सरदार कदमबांड्यांच्या चाकरीत होते. त्यांच्या पदराखाली पोरगा वाढला, घोड्यावर बसला, आणि मामाचीच मुलगी गौतमाबाई त्याला दिली. म्हणजे अहिल्याबाईंची सासू खानदेशची लेक. हे कळल्यावर आई एकदम सैल झाली, सोयरिकीच्या घरी आल्यासारखी पदर सारखा करून नीट मांडी घातली तिनं.

त्या सोयरिकीचा शेवट मी तिला सांगितला नाही. 1818 च्या जानेवारीत मंदसौरचा तह झाला आणि सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख होळकरांनी इंग्रजांना सोडला. त्यात खानदेशही गेला. तह होऊनही थाळनेरचा किल्ला खाली झाला नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस इंग्रजांनी तो घेतला आणि किल्लेदार तुळशीराममामांना फासावर दिलं. थाळनेर आमच्या वाटेपासून जरा आत, शिरपूरजवळ. सकाळी त्या बाजूनं गेलो तेव्हा गाडीत चहा कुठं प्यायचा यावर वाद चालला होता.

उठताना आईनं फरशीवर तळहात टेकला आणि तो क्षणभर तसाच ठेवला.

परतीला घाट उतरलो तेव्हा दिवस कलला होता. शिरपूर जवळ आल्यावर तिनं विचारलं, तळोदं कोणत्या अंगाला राहिलं? मी उजवीकडे, सूर्य बुडत होता तिकडे बोट केलं. काच खाली करून ती बराच वेळ तिकडे बघत बसली.