छातीचा फोटो

"आता परत छातीचा फोटो कशाला? दिवाळीत खोकला झाला तेव्हा काढला की डॉक्टरांनी!"

आईचा फोन. मिरजेत दुपारचे तीन, इथे जॉन्सनव्हिलमध्ये रात्रीचे साडेदहा. एक्स-रेला आई अजून फोटोच म्हणते. तिला कसं समजवायचं, की तो फोटो तिच्या खोकल्यासाठी होता, हा व्हिसासाठी आहे!

तर झालं असं. सप्टेंबर 2025 मध्ये न्यूझीलंडने आईवडिलांसाठी 'पेरेंट बूस्ट' नावाचा नवा व्हिसा सुरू केला. मुलांकडे पाच वर्षांपर्यंत राहता येतं. बाबा गेल्यापासून आई एकटी असते, त्यामुळे बातमी वाचल्याबरोबर मी अटींचा कागद उघडला. वैद्यकीय तपासणी हवी, तीही त्यांच्या यादीतल्याच डॉक्टरांकडून. खर्च आपला, रिपोर्ट मात्र डॉक्टरांकडून परस्पर त्यांच्याकडे. शिवाय आरोग्य विमा हवा: तातडीच्या उपचारांसाठी वर्षाला किमान अडीच लाख डॉलर, कॅन्सरसाठी एक लाख, आणि दुर्दैवाने काही झालंच तर पार्थिव मायदेशी पाठवण्याचा खर्चसुद्धा. ही शेवटची ओळ मी आईला वाचून दाखवली नाही.

परदेशात राहायचं तर तब्येतीचे पैसे आधी मोजावे लागतात, हे मला नवीन नव्हतं. 2016 मध्ये पीएचडीसाठी इंग्लंडला निघालो, त्याच्या आदल्याच वर्षी तिथे व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार सुरू झाला होता. विद्यार्थ्याला वर्षाला 150 पौंड, इतरांना 200. व्हिसाची जितकी वर्षं, तितक्या वर्षांचे पैसे अर्ज करतानाच भरायचे. तेव्हा फार चडफडलो होतो. आज वाटतं, स्वस्तात सुटलो! फेब्रुवारी 2024 पासून हा आकडा 1035 पौंड झाला, विद्यार्थी आणि लहान मुलांसाठी 776. नवरा-बायको आणि दोन मुलं पाच वर्षांसाठी निघाली तर 18,110 पौंड, विमानाचं तिकीट काढायच्या आत. पगारातून कर जातो तो वेगळाच. गंमत म्हणजे परदेशातून आलेल्या नर्सेसनाही हा अधिभार होता. ज्या दवाखान्यात रात्रपाळी करायची त्याच दवाखान्यासाठी वर्गणी! कोविडच्या काळात, मे 2020 मध्ये, ओरड झाल्यावर सरकारने त्यांना यातून वगळलं.

न्यूझीलंडला आलो तेव्हा म्हणूनच हरखून गेलो होतो. इथे असा अधिभार नाही. दोन वर्षांचा वर्क व्हिसा असला की सरकारी हॉस्पिटल आपल्याला इथल्या माणसासारखंच. अपघाताची सोय तर त्याहून अजब: 1974 पासून इथल्या अपघात योजनेत चार दिवसांसाठी आलेला पर्यटकसुद्धा धरला जातो. म्हणजे आईचा न्हाणीघरात पाय घसरला तर सरकार बघणार, छातीत दुखलं तर विमा बघणार! कौतुकाने मी हे सगळ्यांना फोन करकरून सांगितलं होतं.

मग कायम वास्तव्याचा अर्ज करायची वेळ आली आणि दुसरी बाजू कळली. इथे सरसकट फी नाही, पण तराजू आहे. अर्जदाराच्या आजारावर पाच वर्षांत किती खर्च येईल याचा अंदाज बांधतात. तो 81 हजार डॉलरच्या वर गेला की अडचण. 2022 पर्यंत ही मर्यादा 41 हजारच होती. डायलिसिसवर असलेल्याला तर सवलतही मागता येत नाही. 2013 मध्ये क्राइस्टचर्चच्या एका दक्षिण आफ्रिकन स्वयंपाक्याचा व्हिसा 130 किलो वजनामुळे अडला होता, मग दाद मागितल्यावर 23 महिन्यांचा मिळाला. आम्ही दोघं धडधाकट, त्यामुळे या तराजूचा काटा कधी हललेला जाणवला नाही.

तो जाणवला आईच्या वेळी.

ताई तिला घेऊन महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला गेली. रक्त, लघवी, छातीचा फोटो, सगळं झालं. आईला पंधरा वर्षांचा मधुमेह आहे. मिरजेतल्या रक्ततपासणीची एक प्रत ताईने मला आधीच पाठवली होती. ऑफिसातून परतताना गाडीत ती उघडली. आमची ही लोकल डोंगरातून चढत येते, वाटेत सिमला क्रेसेंट आणि चक्क खंडाला नावाची स्टेशनं लागतात. हिंदुस्थानातून परतलेल्या एका इंग्रज कॅप्टनने आपल्या घराला दिलेलं ते नाव. एरवी तिथे गाडी थांबली की मला हसू येतं. त्या दिवशी माझं लक्ष एकाच आकड्यावर होतं. क्रिएटिनिन थोडं वाढलेलं.

मनात पहिला विचार काय आला असेल? 'आईची किडनी बिघडत नाही ना?' हा नाही. पहिला विचार आला, 'हे फाइलमध्ये नडेल का?' तो काळजीचा विचार दुसरा आला. पुढचं स्टेशन येईपर्यंत आला, पण दुसरा आला.

रात्री फोनवर मी तिला म्हणालो, "गोड बंद कर. पाणी भरपूर पी."

"बरं," ती म्हणाली, आणि थोडं थांबून, "तब्येतीसाठी सांगतोयस का व्हिसासाठी?"

आई शाळेत गणित शिकवायची. तिच्यापासून काही लपत नाही.

इथल्या सरकारला दोष देऊन मोकळं व्हावं, तर तेही पटत नाही. जेमतेम 53 लाखांचा देश, ऑपरेशनसाठी इथल्याच माणसांना महिनोन् महिने थांबावं लागतं. पैसे कुणीतरी भरायलाच हवेत. आईचं म्हणणं मात्र वेगळं. "आपल्या मिरजेला डॉ. वानलेस सातासमुद्रापलीकडून आले, 1894 ला दवाखाना काढला. त्यांच्या छातीचा फोटो कोणी मागितला होता?" मी म्हटलं, "आई, एक्स-रेचा शोधच मुळी 1895 चा!" मग दोघंही हसलो.

असो. सध्या किडनीच्या तज्ज्ञाचा रिपोर्ट मागवलाय, तो गेला की थांबायचं. इंग्लंडच्या त्या 150 पौंडांवर मी इतका चिडलो होतो, पण ते भरून निदान विषय संपला होता. आईच्या बाबतीत तसं फी भरून सुटता येत नाही.

ताईला मात्र सांगून ठेवलंय, यापुढचे रिपोर्ट आधी आपल्या डॉक्टरांना दाखव, मला नंतर पाठव.